तुमचे दादा सध्या तुमच्याकडे आहेत

सोमवार, दुपारी तीन

प्रिय भाऊजींना,

वहिनीचे आशीर्वाद. (चिरंजीव लिहावं तर तुम्ही अडुसष्ट वर्षांचे, तीर्थस्वरूप लिहावं तर नात्याने धाकटे. शिवाय वयाने तुम्ही माझ्याहून दोन महिन्यांनी मोठे आहात हे लग्नातच कोणीतरी काढलं होतं, तेव्हापासून तुम्हाला आशीर्वाद देताना माझा हात जरा अवघडतो. तरी घ्या.) जाऊबाईंची कंबर कशी आहे? दुकान बरं चाललंय ना? सगळं जग मोबाइलला डोळे लावून बसलंय तोवर चष्म्याच्या दुकानाला मरण नाही, असं हे म्हणायचे. तुमच्या पाठीमागे तुमचं कौतुक करायची त्यांची ती पद्धत होती. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकतात. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "हं" म्हणता, मी "हं" म्हणते, आणि मग आपण दोघंही समोरचा कधी ठेवतोय याची वाट बघत बसतो.

तर मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला घाम फुटणार नाही. एका मोठ्या संस्थेच्या दप्तरी अशी नोंद आहे की तुमचे दादा गेले सहा महिने तुमच्याकडे राहायला आहेत. प्रकृती उत्तम. माझं डोकं ठिकाणावर आहे, काळजी नको. हे जाऊन आठ महिने झाले हे मला दिवस-तारखेसह माहीत आहे. पण नोंद मीच करून दिलीय, त्यामुळे ती कशी झाली ते तुम्हाला कळवणं भाग आहे.

आमच्या घरी ती जनमत पाहणी व्हायची, आठवतंय? जगातल्या लढायांबद्दल, सरकारबद्दल आणि रोजच्या जगण्याबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं, ते दर तीन महिन्यांनी एक बाई घरी येऊन विचारायच्या. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा हे "सामान्य" या शब्दावरच बिथरले. तेहतीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो, अर्ध्या शहराचं पाणी या हातांनी सोडलं नि बंद केलं, मी सामान्य कसा, असं त्यांनी बाईंना दारातच ऐकवलं. बाई म्हणाल्या, सगळ्या शहरातून चारशेच माणसं निवडली आहेत, तुमचा क्रमांक तीनशे बारा. झालं. त्या दिवसापासून हे अधिकृत सामान्य माणूस क्रमांक तीनशे बारा झाले. बाई येणार त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. आदल्या दिवशी रद्दीतले पेपर पुन्हा काढून वाचायचे. (मला पाठ विचारायला सांगायचे. मी भाजी चिरता चिरता विचारायची, अमक्या देशाने फौज मागे घ्यावी का, आणि हे मागच्या गॅलरीतून ओरडून उत्तर द्यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय.) उत्तरांत एक पर्याय असतो, "सांगता येत नाही". त्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. सहा वर्षांत तो त्यांनी एकदाही वापरला नाही.

यांची मतं तुम्हाला वेगळी सांगायला नकोत, निम्मी तुमच्यावरच तासून घेतलेली. सरकार चांगलं की वाईट हे टाकी किती मोठी बांधली त्यावर ठरत नाही, गल्लीतल्या शेवटच्या घरी दाब किती येतो त्यावर ठरतं. लढाई कुठलीही असो, दोन्हीकडचे राजदूत खोलीबाहेर काढा, दोन्हीकडचे व्हॉल्व्हमन आत बसवा, चहा होईतो मिटेल. तुमचं म्हणणं नेहमी याच्या उलट. दर रविवारी सकाळी फोनवर तासभर दोघांची जुंपायची, आणि ठेवल्यावर हे म्हणायचे, गाढव आहे, पण वाचून बोलतो. मग तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात त्या दिवशी ते नदीवरून लढणारे दोन देश निघाले. हे खालच्या देशाच्या बाजूने (शेवटच्या घराची कड घेणारच), तुम्ही वरच्या. तुम्ही म्हणालात, दादा, तुला लांबचं दिसत नाही. हे म्हणाले, तू काचा विकतोस, नजर नाही. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. भाऊजी, त्या दोन्ही देशांची नावं तुम्हा दोघांनाही धड उच्चारता येत नव्हती. त्यांचा तीन महिन्यांत तह झाला. तुमचा झाला नाही. चौदा महिने फोन नाही, आणि मग हे गेलेच.

त्यानंतर दोन महिन्यांनी बाई आल्या. मी दार उघडलं ते सांगायच्या तयारीनेच. पण बाई चार जिने चढून आलेल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या, चपला काढल्या, दोन भांडी पाणी प्यायल्या आणि टॅबलेट उघडून म्हणाल्या, साहेबांना बोलवा, आज त्यांच्या आवडीचे प्रश्न आहेत. तुम्हाला खरं सांगते, त्या दोन महिन्यांत लोकांनी मला गोळ्या घेतल्या का, जेवले का, झोप लागते का, सगळं विचारलं. यांना काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ते भावाकडे गेलेत राहायला. जीभ परत ओढून घेता आली असती, पण नाही घेतली. बाई म्हणाल्या, बाहेरगावी असतील तर त्यांच्या वतीने घरातल्या कोणी सांगितलं तरी चालतं. आणि मी यांच्या खुर्चीत बसून चाळीस प्रश्नांची चाळीस उत्तरं दिली. कुठे अडखळले नाही. दोनदा तर मी यांच्यासारखं टेबलावर बोट आपटलं. बाई गेल्यावर मी अर्धा तास त्याच खुर्चीत बसून होते. फार बरं वाटलं, भाऊजी. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

लाज वाटायची वेळ पुढच्या आठवड्यात आली. संस्थेतून पडताळणीचा फोन येणार, तीनशे बारा क्रमांकाला स्वतः बोलावं लागेल, असा निरोप आला. शेवटी शेजारच्या होयबांना गाठलं. (तेच ते निवृत्त कारकून. हे टोपणनाव यांनीच ठेवलेलं, आणि जिन्यात भेटले की हे "काय होयबा" असं तोंडावर म्हणायचे, त्यावर ते "हो हो" म्हणायचे.) मी त्यांना तीन दिवस घोकून घेतलं. सरकार म्हणजे दाब, राजदूत बाहेर, व्हॉल्व्हमन आत. फोन आला, साहेबी आवाज ऐकला, आणि माणूस जन्मभराच्या सवयीने खुर्चीतून उठून उभाच राहिला. रस्ते? उत्तम. सरकार? अतिशय समाधानी. चालू लढाईत कोणाचं बरोबर? दोघांचंही. पाणीपुरवठा? तक्रारीला जागाच नाही. मी समोर उभी राहून हातवारे करतेय, त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. यांनी तेहतीस वर्षं नोकरीत आणि नऊ वर्षं घरी बसून पाण्याबद्दल जे जे म्हटलं ते त्या गृहस्थांनी चार मिनिटांत धुऊन टाकलं. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. (त्यांना ते समजलंही नाही. जिन्यात दिसले की "हो हो" चालूच.)

पुढच्या फेरीला बाई आल्या त्या गंभीर चेहऱ्याने. कार्यालयातल्या संगणकाने तीनशे बारावर लाल खूण केली होती. सहा वर्षं ठाम असलेल्या गृहस्थांची मतं एकाएकी मवाळ कशी झाली? कारण भरून आणायला सांगितलं होतं. बाईंनी टॅबलेटवरून वाचलं, या काळात घरात काही विशेष घडलं का. खरं ओठावर आलं होतं. मग म्हटलं, नळाला पाणी येण्याची वेळ बदलली. बाईंनी तसं लिहून घेतलं, आणि विचारलं, साहेब अजून भावाकडेच? मी म्हटलं, हो, दोघांचं जमतं फार.

तेव्हापासून ते तुमच्याकडे आहेत, भाऊजी. आणि गंमत सांगू का, खोटं बोलता बोलता मलाच त्याची सवय झाली. रविवारी सकाळी मनात येतं, आता बसले असतील दोघं समोरासमोर, जाऊबाई कंटाळून उठून गेल्या असतील. बातम्यांच्या वेळी मी अजून स्वयंपाकघरातून "हळू बोला" म्हणते, आणि मग लक्षात येतं, बोलतोय तो नुसता टीव्हीच. पेपर बंद केला नाही. पहिलं पान मोठ्याने वाचते. माणसं म्हणतात, नवऱ्याच्या हाताची चव, नवऱ्याचा आधार, असं काय काय आठवतं. मला त्यांची मतं आठवतात. एवढी वर्षं डोकं उठवलं त्यांनी, आणि आता डोकं न उठण्याचा मला त्रास होतो. मला यांची फार आठवण येते, हे वाक्य या पत्रात दोनदा लिहून खोडलंय, आता राहू देते.

मी एक वही केली आहे. त्यात यांची मतं लिहून काढली, आठवली तशी. त्रेसष्ट झाली. रस्त्यातले खड्डे, परीक्षा, मंत्र्यांचे दौरे, अणुबाँब, उद्यानातले बाक, परदेशी मदत, सगळं आहे. पण पुढच्या आठवड्यात गुरुवारी बाई पुन्हा येणार आहेत, आणि गेल्या महिन्यात ते बेटांवरून नवं युद्ध पेटलंय. वही मागून पुढून चाळली. बेटांबद्दल एक अक्षर नाही. समुद्राला व्हॉल्व्ह नसतो, त्यामुळे नेहमीचा तोडगाही लागू पडत नाही. हे गेल्यावर सुरू झालेलं हे पहिलंच युद्ध, आणि त्यात ते कोणाच्या बाजूने आहेत हे मला माहीत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. "सांगता येत नाही" म्हणावं, तर यांचं काय झालंय ते बाईंना त्याच क्षणी कळेल.

असो. पत्र फार लांबलं. जाऊबाईंना सांगा, शेक घेत जा म्हणावं. संस्थेतून तुम्हाला चुकून फोन आलाच, तर दादा आंघोळीला गेलेत म्हणून सांगा. बाकी काही नाही, खुशाली कळावी म्हणूनच लिहिलं.

तुमची
वहिनी

ता. क. नुसती खुशालीच नाही. त्या बेटांच्या युद्धात तुम्ही कोणाच्या बाजूने आहात ते उलट टपाली कळवा. तुम्ही जे लिहाल त्याच्या बरोबर उलट मी गुरुवारी यांचं मत म्हणून सांगेन. इतक्या वर्षांत हा हिशोब चुकलेला नाही. कारणंही सविस्तर लिहा, म्हणजे मला ती खोडून काढता येतील.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय ते रद्द समजा, पत्राने मत पाठवू नका. एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मीच मागे ठेवली होती. मागच्या फेरीत बाईंनी वर्षातून एकदाच असणारा एक प्रश्न विचारला. मतभेदामुळे जवळच्या कोणाशी तुमचं बोलणं बंद झालं आहे का? मी "हो" म्हणणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, साहेबांनी गेल्या वर्षी "नाही" सांगितलं होतं. गेल्या वर्षी म्हणजे तुम्ही ताटावरून उठून गेलात त्याला सात महिने झाले होते. मी म्हटलं, चूक झाली असेल. बाईंनी टॅबलेट माझ्यापुढे धरला. खाली शेऱ्याची जागा असते, तिथे यांचे शब्द होते, मी स्वतः वाचले. "बंद नाही. फोन करायची पाळी धाकट्याची आहे. विचार करतोय, येईल तयारी करून."

हे गेले त्या दिवशी तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि आत न येता परत गेलात, ते मी खिडकीतून पाहिलं होतं. मी रागावले नव्हते, आणि वाचलंत ना, हेही नव्हते. बाई पुढच्या गुरुवारी अकराला येतात. तुम्ही दहाला या. यांच्या बाजूने मी बोलेन.