उसन्या खोलीच्या एक्केचाळीस पायऱ्या

चि. भाचीबाई, तुला मामाचे भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत (माझा अंगठा सोडून, तो पुढे येईलच). तू वेळेवर जेवतेस, की अजून सर्किटंच मोजत बसतेस?

तुझं पत्र तीनदा वाचलं. उलटवता येणाऱ्या सर्किटात काही पुसायचं नाही, प्रत्येक पायरी मागे फिरवता आली पाहिजे, आणि कमीत कमी किती पायऱ्यांत काम होईल हे तुमचं कोडं. जागा अपुरी पडली तर शेजारची उसनी घ्यायची, आत काय आहे ते न विचारता वापरायची आणि होती तशी परत करायची. क्वांटम संगणकात तर तसूभरही फरक चालत नाही. हे वाचून माझ्यातला सुतार उठून बसला. खिडकीशी माझं कामाचं टेबल, अंधाऱ्या कोपऱ्यात तुझ्या मामीचं शिलाई मशीन. हल्ली तिला सुई ओवता येत नाही, म्हणून शिवणच सोडायचं म्हणते. अदलाबदल करावी तर खोलीत पाय ठेवायला जागा नाही (तुमच्या क्वांटममधली वस्तू म्हणे एकाच वेळी दोन्हीकडे असते, आमचं कपाट कुठेच मावत नव्हतं).

शेवटी शेजारच्या घड्याळवाल्यांची खोली उसनी घेतली. गृहस्थ इतके काटेकोर, की स्टूल बोटभर सरकलं तरी बेचैन होतात. प्रत्येक हालचाल वहीत लिहिली. आधी नुसत्या आमच्या खोलीत कागदावर दीडशे पायऱ्या करून मी अडकलो होतो. आता एक्केचाळिसाव्या पायरीला मशीन खिडकीशी. एका खोलीने एवढा फरक का पडतो गं? मामीने चष्म्याशिवाय, पहिल्याच फटक्यात सुई ओवली. ती लगेच आणखी दोरे आणायला बाजारात गेली.

मग खोली परत करायची. तू लिहिलंस, शेवटची पायरी आधी उलटव, मग तिच्या आधीची. घड्याळवाल्यांना हाताशी घेऊन मी एक्केचाळिसापासून सुरुवात केली. एकही पायरी चुकली नाही (अंगठा माघारी येताना चेपला). घड्याळवाल्यांनी पट्टी लावून पाहिली आणि मान डोलावली. मामी पिशवी घेऊन आली तेव्हा मशीन पुन्हा कोपऱ्यात होतं. तिने दोऱ्यांची पिशवी तशीच माझ्या हातात दिली.

तुझा,
मामा

ता.क. मागे फिरण्याआधी उत्तर (आमच्यात, खिडकीशी आलेलं मशीन) बाजूला उतरवून ठेवायचं, हे तू पानाच्या मागच्या बाजूला लिहिलंयस. असली गोष्ट कोणी मागच्या बाजूला लिहितं का?

ता.क. २. रविवारी ये. घड्याळवाले खोली पुन्हा देतील, पण वही तुझ्या हातात असेल तरच.

ता.क. ३. तोवर मशीनला हात लावायचा नाही, असं मामीने मला बजावलंय. सुईत दोरा अजून ओवलेला आहे. तेवढी पायरी मी वहीत लिहिली नव्हती.