मोठं इंजिन

सोमवार, ३ मार्च
मामांनी मोठं इंजिन जावयाला दिलं! खरा जावई नव्हे — मामांच्या पॉवरहाऊसवर माझ्याबरोबर काम करतो तो. हल्ली दुपारी मामी त्याला आधी वाढते, म्हणून वहीत हे नाव. मला काय? कोपऱ्यातलं धाकटं. एकट्या बर्फाच्या कारखान्याला वीज देताना धापा टाकतं. मोठ्यावर सगळी औद्योगिक वसाहत चालते. सख्खा भाचा कोण — मी की तो?

गुरुवार, ६ मार्च
आजवर कुठेच टिकलो नाही. ट्रकवर क्लीनर, मग बोटीवर, मग मंडपवाल्याकडे. कंटाळा आला की पिशवी उचलायची. बोटीवर एक आंधळं मांजर होतं, इंजिनाच्या उबेला झोपायचं... कुठे होतो मी? हां. इथे पहिल्यांदाच वाटलं, राहावं. मोठं इंजिन सुरू होताना फरशी आधी थरथरते, आवाज मागून येतो. ते मला हवं होतं.

शनिवार, ८ मार्च
मामा दिवसभर त्याला मोठ्याचं पोट उघडून दाखवत होते. डिझेल फवारणारं नॉझल कसं काढायचं, कुठला बोल्ट हट्टी आहे, सगळं. मी पाना घेऊन गेलो तर म्हणाले, "तू धाकट्याकडे बघ."

रविवार, ९ मार्च
मामीने त्याला आग्रह करकरून वाढलं. तो मान खाली घालून जेवला. केवढा साळसूद! मी भूक नाही म्हणून उठलो. भूक होती.

मंगळवार, ११ मार्च
दोन माणसं आली. मोठ्याचे फोटो काढले, टेपने मापं घेतली. जावई शेजारी उभा, नवरदेवासारखा!
मग दोन्ही इंजिनांची वीज एकत्र जोडायची होती. तीन दिवे लुकलुकतात; दोघांचा ताल जुळला की विझतात. तिन्ही विझले की त्याच क्षणी स्विच. चुकलं तर इंजिनाचं कंबरडंच मोडायचं. दिवे मी बघायचे, स्विच त्याने टाकायचा. दिवे विझले — मी गप्प. पेटले. वाटलं, आता चुकीचं सांगावं, होऊ दे फजिती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "तू म्हणशील तेव्हा," म्हणाला. पुन्हा विझले तेव्हा बरोबर सांगितलं. लाज वाटली. राग त्याहून जास्त आला.

शुक्रवार, १४ मार्च
मामांना विचारलंच, त्याच्यात असं काय आहे? हात पुसत म्हणाले, सोमवारी कळेल. पिशवी भरून ठेवलीय. ऐकतो आणि निघतो.

सोमवार, १७ मार्च
मोठं इंजिन ट्रकवर चढलं. वसाहतीला सरकारी लाइन आली, म्हणून मामांनी ते डोंगरापलीकडच्या खाणीला विकलं — सोबत चालवणारा माणूसही द्यायच्या बोलीवर. जावई ड्रायव्हरशेजारी बसला. खिडकीतून वाकून म्हणाला, "बायकोचे दिवस भरत आलेत रे. त्याला पाठवा, मला इथे ठेवा म्हणून मामांना किती विनवलं. म्हणाले, भाच्याला पाठवलं तर तो पुन्हा घर बघायचा नाही."
ट्रक वळला.
लाइन होती, तरी धाकटं सुरू केलं.