चाळीस सेकंद मुका पंप

३ फेब्रुवारी
सापडलं एकदाचं! ताई तीन महिने कानीकपाळी ओरडत होती — बॅटरी बदलली की औषधाचा पंप चाळीस सेकंद मुका होतो. नळी अडकली तरी पडद्यावर नुसती लाल अक्षरं, इशाऱ्याचा आवाज नाही. ताई नर्स, पंप आमच्या कंपनीचा, सॉफ्टवेअर माझं. म्हणजे बोलणी खायची मीच! दुरुस्ती केवढी? एक ओळ. जेवणाच्या सुट्टीआधी लिहून मोकळी.

४ फेब्रुवारी
कसली मोकळी! प्रमाणपत्रांचं काम बघणारे आमचे नियमकाका चष्मा पुसत म्हणाले, "मंजुरी अख्ख्या पंपाला आहे. ओळ बदललीस की पंप नवा." चारशे बारा चाचण्या पुन्हा. पाच महिने! शिवाय सॉफ्टवेअर तयार करायचं ते कपाटातल्या त्याच जुनाट कंप्युटरवर, कारण मंजुरी त्याच्यासकट मिळालेली. तो सुरू व्हायलाच वीस मिनिटं घेतो. डोकंच फिरलं.

११ फेब्रुवारी
हॉस्पिटलांना सूचना गेली — बॅटरी बदलल्यावर चाळीस सेकंद पेशंटजवळ थांबा. ताई म्हणाली, "थांबतेच की. पण तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली तर?"

१५ फेब्रुवारी
ताईच्या घरी गेले. म्हटलं, तुझ्या वॉर्डातले सव्वीस पंप मी गुपचूप बदलून देते, कुणाला कळणारही नाही. अशी उखडली! "आणि उद्या एखादा पंप दुसऱ्या वॉर्डातून आला तर? कुठला सुधारलेला, कुठला नाही, मी कसं ओळखू? कुणाच्या भरवशावर पाठ फिरवू?" थोरली बहीण. तिचंच खरं होतं, मेलं.

२ मार्च
मंजुरीच्या फॉर्मवर प्रश्न : चूक मुळात कुठे आहे? मी लिहिलं, बॅटरी बदलताना. काकांनी परत पाठवला. लिहिलं, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. पुन्हा परत! "हे लक्षण झालं गं. मूळ सांग." दुरुस्ती चालतेय ना? मग मूळ कशाला हवंय यांना!

९ मार्च
आठवडाभर खणलं. आवाज काढणारा भाग आम्ही बाहेरून आयता घेतलाय. वीज क्षणभर गेली की तोच झोपतो. माझी ओळ त्याला हलवून उठवते, इतकंच. सगळं चार पानांत लिहिलं. काकांनी मुकाट्याने सही केली — बाई गं!

२० मे
दोनशे सत्तर चाचण्या झाल्या. एकही नापास नाही. कपाटातल्या म्हाताऱ्यावर चिडणंही कमी झालंय.

१८ जुलै
मंजूर!! ताईच्या वॉर्डातले सव्वीसच्या सव्वीस पंप आज सुधारले. बॅटरी बदलून, नळी मुद्दाम दाबून तिने फोनवर ऐकवलं. इतका कर्कश आवाज, आणि मी आपली रडतेय.

२६ जुलै
चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळेचं पत्र. माझी चार पानं वाचून त्यांनी शोध घेतला. तोच आयता भाग आणखी चार कंपन्यांच्या यंत्रांत निघाला — वीज क्षणभर गेली की चारही मुकी. त्यातलं एक, नवजात बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारं. आजपासून सगळ्यांची दुरुस्ती सुरू झाली.