गाईडची दांडी

तात्या, आज गाईडची दांडी पुन्हा डुगडुगायला लागली, आणि ती ठोकताना मला तुमचा इतका राग आला की हातोडी बाजूला ठेवून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्ही जिवंत असताना तुमच्यावर चिडायची कुणाची छाती होती? आईची नव्हती, माझी तर नव्हतीच. आपल्या पत्र्याच्या शेडमधून तुमचा आवाज आला की पिंपळवंडीच्या रस्त्यानं जाणारा परका माणूससुद्धा सायकल जरा जोरात मारायचा.

शेड तीच आहे आणि मशीनही तेच. लोखंडी टेबल, मधोमध फिरणारं गोल पातं, पात्याच्या बाजूनं टेबलात कोरलेली खाच, त्या खाचेत पुढंमागं सरकणारी लोखंडी दांडी आणि दांडीवर लाकूड कोनात धरणारी आडपट्टी. दांडी आणि पट्टी मिळून आपण त्याला गाईड म्हणायचो. फोटोफ्रेमचं सगळं काम त्या गाईडच्या जिवावर. चार पट्ट्यांची आठ टोकं बरोबर पंचेचाळीस अंशांत कापली गेली तर कोपरे जुळणार. दांडी खाचेत केसभर हलली की पहिला कोपरा कसाबसा जुळतो आणि चौथ्या कोपऱ्यात ज्वारीचा दाणा जाईल एवढी फट पडते. ओझरच्या देवळाबाहेर दुकानांत विघ्नहराचे फोटो ज्या फ्रेमांत लागायचे त्या आपल्याकडच्या. तुम्ही एकेक फ्रेम दारात धरून बघायचात. कोपऱ्यातून उजेड दिसला की गुडघ्यावर आपटून तुकडे. शिवी नाही, शब्द नाही, नुसता काड्कन आवाज. तो आवाज आला की चुलीपुढं आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा, कारण पुढची पाळी कुणाची ते तिला ठाऊक असायचं.

मी परत आले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. घोडेगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला भाताच्या गावात तुम्ही मला दिलं होतंत. तिथून सकाळच्या एसटीनं आले ती डावा डोळा बंद, ओठ फाटलेला आणि कमरेवर पट्ट्याचे वळ घेऊन. तुम्ही हातातली पट्टी कापून पुरी केलीत, मग मशीन बंद केलंत.

"किती दिसासाठी आलीस?"

"कायमची."

"कायमचं कुनी येत न्हाई. आठ दिस ऱ्हा, मग बगू."

आठ दिवसांचे आठ महिने झाले, कारण तुमचा कारागीर काम सोडून गेला होता आणि माझा हात मशीनवर बसला. तुम्ही मला शिकवलंत असं मी कधी म्हणणार नाही. तुम्ही करायचात आणि मी बघायचे; चुकले की हाताशी असेल ते फेकून मारायचात. पण मी शिकले. पात्याच्या आवाजावरून लाकूड ओलं की सुकं ते सांगू लागले. मला तिथं बरं वाटायचं हेही खरं आहे. लाकूड मला कधी विचारत नव्हतं की तू नवऱ्याला का सोडलंस.

अंगारकी जवळ आली होती आणि दुकानदारांनी फ्रेमांचा लकडा लावला होता. त्यात दांडी हलायला लागली. वापरून वापरून झिजली होती बिचारी. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण "मशीन बिघडलंय" म्हटलं की तुम्हाला ऐकू जाणार "मी बिघडवलंय", आणि पुढचं काय ते मला पाठ होतं. म्हणून खोबरेल तेलाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून मी दांडीशेजारी खाचेत खुपसली. एक दिवस बरं चाललं, मग पत्रा चेमटला आणि कोपरे फाकायला लागले. मी बारीक भुसा सरसात कालवला, फटी भरल्या, वरून पॉलिश फिरवलं. तुम्ही दारात धरून बघितल्यात त्या फ्रेमा, आणि उजेड दिसला नाही. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश होते की जेवताना मला हसू येत होतं. अशा पन्नासेक फ्रेमा मी केल्या.

ओझरचा एक दुकानदार एक फ्रेम घेऊन माघारी आला. पावसात भिजलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात तिचे कोपरे सुटले होते. "तात्या, राव, बाप्पा हातात आन् फ्रेम पायात! लोक हसायला लागली की." तुम्हीही हसलात. त्याला चहा पाजलात, एसटीत बसवून आलात. मग पिंपातल्या पाण्यात उरलेली एकेक फ्रेम बुडवायला लागलात. भुसा मऊ पडून कोपऱ्यांतून गळायचा, की फ्रेम गुडघ्यावर. मी शेजारी उभी. शेवटची फ्रेम मोडली आणि तुमचा हात आला. डाव्या गालावर, मी आले तेव्हा जो डोळा बंद होता त्याच बाजूला. मी तुकड्यांच्या ढिगावर पडले. कानात शिट्टी वाजत होती. वेणी धरून तुम्ही मला उठवलंत, गाईड खाचेतून उपसून ऐरणीवर आडवं टाकलंत, आणि हातोडी आणि सेंटर पंच माझ्या हातात कोंबलात.

"मार. दांडीच्या दोनी कडंला, चार बोटांवर एक. जोरात मार. लोखंडाला मार बसला का त्या जागी ते फुगतं. फुगल्याबिगर ते खाचेत घट बसत न्हाई."

मी मारत होते. पंचाच्या टोकाखाली खळगा पडतो आणि त्याच्या कडेचं लोखंड किंचित वर येतं, ते बोटाला लागतं. मग तुम्ही म्हणालात, "बाईचं बी तसंच हाय. दोन फटके बसले का पळून आलीस. थांबली असतीस तर बसली असतीस घट."

आई दारात होती. तिनं पदर तोंडात धरला. तीस वर्षं घट बसलेली बाई ती.

मी पुढचे खळगे कसे मारले ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक फटक्याला पंचाखाली मला तुमच्या हाताची बोटं दिसत होती. दांडी खाचेत घातली तर लोण्यासारखी सरकली आणि इकडंतिकडं तसूभर हलली नाही. तुम्ही चार पट्ट्या कापल्यात, कोपरे जुळवून दारात धरलेत. "बग! बग कशी झाली!" पोरासारखे खुललात. इतका तिरस्कार मी आयुष्यात नवऱ्याचाही केला नाही. आणि दांडी घट्ट करायचा याहून चांगला उपाय मला आजवर सापडलेला नाही, हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा नवरा आला. काम सुरू झाल्यावर दांडी एका जागी अडकायला लागली म्हणून तुम्ही ती पुन्हा काढून दाराबाहेर कानशीनं घासत बसला होतात. मी मशीनवर फळ्या चिरत होते. मागून आवाज आला, "चल. लई झालं म्हायेर."

"बसा. पानी घ्या," मी म्हणाले.

"पानी पाजतीस व्हय मला?"

त्यानं तोंडात मारली, केस धरले आणि माझं डोकं टेबलावर दाबलं. पातं वीतभर लांब होतं. त्याचा वारा गालाला लागतोय, भुसा डोळ्यात जातोय, आणि वरून तो ओरडतोय, "परत जाशील न सांगता? जाशील?" डोकं सरकतंय. मला टेबलाचं लोखंड दिसतंय आणि पलीकडं तुमचे पाय.

तुमच्या हातातल्या दांडीचा पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला. काड्कन. केस सुटले. मी स्विच पाडला, पण पातं लगेच थांबत नाही, ते फिरत राहिलं. तो भुशात बसून हात पोटाशी धरून ओरडत होता, "आवो, इचारा तिलाच, मला कुनी..." आणि दुसरा फटका तोंडावर आला. दोन दात भुशात पडले. तिसरा गुडघ्यावर. आईनं तुम्हाला मागून मिठी मारली, तिला तुम्ही झटकलंत तशी ती दाराच्या चौकटीवर आदळली. तुम्ही दांडी उगारून म्हणालात, "माज्या दारात माज्या लेकीला हात लावतो? तिला मारायचं तर मी हाय हितं!"

हेच वाक्य लोक अजून सांगतात, फक्त शेवटचं गाळून. बाप असावा तर असा, म्हणतात. मी मान हलवते. त्याच दिवशी आईच्या कपाळाला चौकटीमुळं पाच टाके पडले ते कुणाच्या गोष्टीत येत नाही. पोलीस तुम्हाला घेऊन गेले तेव्हा तुम्ही हवालदाराला म्हणालात, "मारलं. परत आला तर परत मारीन." चार दिवसांनी सुटून आलात, आंघोळ केलीत आणि वाकडी झालेली दांडी ऐरणीवर सरळ करायला बसलात. मला परत पाठवायचं नाव तुम्ही पुन्हा कधी काढलं नाही, आणि माझ्यावर हातही टाकला नाही. का, ते मला कळलं नाही, आणि विचारायची सोय तुम्ही ठेवली नव्हती.

नंतर दोन्हीकडची जाणती माणसं बसली. त्याचा हात गळ्यात, जबडा बांधलेला. अर्धवट शब्दांत त्यानं सांगितलं, "मी आपनहून न्हाई गेलो. हिनंच फोन करून बोलावलं." तुम्ही बैठकीतून उठलात. त्याला नाही, मला विचारलंत, सगळ्यांच्या देखत. "ह्यो म्हनतो ते खरं हाय का गं?"

तात्या, खरं होतं. तुम्ही मला दांडी ठोकायला लावलीत त्याच संध्याकाळी मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेले आणि त्याला म्हणाले, मला घेऊन जा, हितं ऱ्हावत न्हाई. कपड्यांची पिशवी फळ्यांमागं भरून ठेवली होती. मी तुमच्यापासून पळून चालले होते, तात्या, त्याच्याकडं. आणि त्याच्या तोंडावर फटका बसला तेव्हा मला एवढंच कळलं की त्याचं वाक्य तुटलं, आणि मला बरं वाटलं.

पुढं तुम्ही अंथरुणावर पडलात. वाचा गेली होती, पण ऐकू येतंय असं डॉक्टर म्हणाले. सहा दिवस मी उशाशी बसून तुम्हाला पेज भरवली आणि त्या सहा दिवसांतही बोलले नाही. आता कागदावर बोलतेय. हा कागद कुणाकडं जाणार नाही, हे मला माहीत आहे म्हणूनच.

बैठकीत मी तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "न्हाई, तात्या." तुम्ही पुन्हा विचारलं नाही. "माजी लेक खोटं बोलायची न्हाई," एवढं म्हणून खाली बसलात. ज्या माणसानं आठवड्यापूर्वी माझी एकेक फ्रेम पाण्यात बुडवून तपासली, त्यानं माझ्या शब्दावर इतक्या लगेच विश्वास ठेवला. तुमचा राग मला अजून येतो. पण त्या विश्वासाची लाज वाटते, आणि ती रागापेक्षा जास्त आहे.