ॲक्झिला की इल्ला

४ नोव्हें., मंगळ.

डॉ. घाईंनी आज कहर केला. (हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव इथेही लिहायची भीती वाटते.) गुडघ्याचा रिपोर्ट माइकमध्ये सांगता सांगता मध्येच कुणाला तरी दोन कॉफी आणायला सांगितल्या, "एरडु कापी". सॉफ्टवेअरने इमानदारीत टाइप केलं, इरिटेबल कफ. गुडघ्याला खोकला. ते टायपिंग ऐकून तपासणाऱ्या आम्ही दोघी, वत्सला अक्का आणि मी, हसून हसून बेजार. मग माझं हसू आटलं. आम्ही ऐकलं नसतं तर ते तसंच गेलं असतं. डॉ. घाई वाचून सही करत नाहीत, एका दमात सगळ्यांवर करतात.

संध्याकाळी एक सोनोग्राफी आली. आनेकलची बाई, वय एकेचाळीस, डाव्या स्तनात गाठ. डॉक्टर भरधाव. "एनलार्ज्ड लिम्फ नोड्स", मग खुर्ची ओढल्याचा कर्रर्र आवाज, त्यात बुडालेलं "...ला", आणि लगेच उजव्या बाजूवर उडी. सॉफ्टवेअरने लिहिलं होतं, लिम्फ नोड्स, ॲक्झिला. म्हणजे काखेतही गाठी. मला नीट ऐकू येईना म्हणून तो शब्द पुसून जागा रिकामी सोडली. अशी जागा डॉक्टर भरतात, तसा नियमच आहे. पण मॅनेजर परवाच म्हणाले, तुमचे ब्लँक फार होतात मॅडम, आणि प्रोबेशन या महिन्यात संपतंय ना? शाळेत 'गाळलेल्या जागा भरा' मध्ये पैकीच्या पैकी असायचे मला. इथे जागा गाळली म्हणून बोलणी.

अक्काने मागून वाकून पाहिलं आणि ॲक्झिला परत घातलं. "काखेशिवाय दुसरं काय असणार ग तिथं? सुम्ने, उगाच ब्लँक सोडू नको, तो मॅनेजर परत ओरडंल."

रिपोर्ट गेला.

५ नोव्हें., बुध.

सकाळी बसमध्ये कंडक्टरला पाचशेची नोट दिली. "चेंज इल्ला."

बंगळुरात आल्यावर मी शिकलेला पहिला कन्नड शब्द. चेंज इल्ला, सीट इल्ला, नीरु इल्ला. नाही, नाही, नाही. नागपूरहून ट्रक उतरवला त्या दिवशीच घरमालकाने शिकवला, लिफ्ट इल्ला. आज कंडक्टरने म्हटला आणि एकदम आठवलं. काल खुर्चीच्या कर्रर्रमध्ये मी हाच ऐकला होता. ॲक्झिला नाही. इल्ला.

लिम्फ नोड्स इल्ला. काखेत गाठी नाहीत.

ऑफिसात पोचल्या पोचल्या फाइल काढली. रेकॉर्डिंग चालू-बंद करायचं पायाखालचं पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. एकदा इल्ला वाटतं, लगेच ॲक्झिला वाटतं. मनात जे धरावं तेच ऐकू येतं. हे भलतंच आहे.

६ नोव्हें., गुरु.

अक्काला विचारलं, डॉक्टर इंग्रजी रिपोर्टात कधी कन्नड घालतात का? ती इथे पंधरा-सोळा वर्षं आहे, त्यांची रग रग ओळखते. डबा उघडत होती, थांबली.

"दमले की घालतात ग. स्टोन इल्ला, फ्लुइड इल्ला. आपण ते 'नो' करतो की."

तिच्या डब्यात चित्रान्ना होता, लिंबू पिळलेला पिवळा भात. रोज देते, आज द्यायला विसरली.

जेवण झाल्यावर म्हणाली, "मी घातलं ना ते. माझ्यावर येणार." मी म्हटलं, अक्का, तसं नाही. पण तसंच आहे. आणि माझ्यावर येणार नाही असंही नाही, फाइल माझ्या नावावर आहे.

अजून एक मेलं डोक्यातून जात नाही. इल्ला असेल तर आम्ही एका बाईला नसलेल्या गाठी दिल्या. आणि ॲक्झिला असेल, नि मी इल्ला म्हणून बोभाटा केला, तर असलेल्या गाठी कागदावरून काढून टाकल्या. दुसरं जास्त भयंकर. म्हणून गप्प आहे, असं स्वतःला सांगते. खरं म्हणजे घाबरट आहे म्हणून गप्प आहे.

८ नोव्हें., शनि.

घरी नवऱ्याला, निखिलला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान न उचलता, "साइन ऑफ कोणाचं आहे? डॉक्टरचं ना? मग झालं. तू फक्त टायपिस्ट आहेस, रिलॅक्स."

फक्त. खूप राग आला, आणि रागाच्या आत थोडं बरंही वाटलं, त्याची जास्त लाज वाटली.

नंतर तोच चहा करून घेऊन आला. "तुला नक्की काय ऐकू आलं?" नक्की काही नाही, म्हटलं. "मग डॉक्टरला हेच सांग ना, की नक्की काही ऐकू येत नाहीये." इतकं सोपं असतं तर काय.

९ नोव्हें., रवि.

मारतहळ्ळीच्या बाजारात गेलो. रस्ताभर अजून कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे. कोथिंबीर इल्ला अम्मा. पार्किंग इल्ला सार. कुणीतरी मागे लागल्यासारखं झालं. निखिलला म्हटलं घरी चल, भाजी राहू दे.

आईचा फोन. आवाजावरून ओळखलंच तिनं. "काहून गं, घाबरल्यासारखी काहून बोलून राह्यली?" काही नाही म्हटलं. आईची बहीण याच गाठीने गेली, तिला हे कुठून सांगू. आईनं पोह्यांची चौकशी केली, तिथे तर्री मिळते का, आणि ठेवला.

सारखी ती बाई डोळ्यांसमोर येते. पाहिलेली नाही, तरी येते. रिपोर्ट हातात घेऊन कुणाला तरी विचारतेय, हे काय लिहिलंय?

१० नोव्हें., सोम.

गेले शेवटी. डॉ. घाई दोन पेशंटच्या मध्ये केळं खात होते. "क्या मॅडम, फिर से ब्लँक?"

मोबाइलवर आणलेली फाइल लावली. स्पीकरवर, बाहेर टोकन नंबरांचा आरडाओरडा. "ॲक्झिला. ऑब्व्हियस है." मी म्हटलं, सर, आप कभी कभी इल्ला भी... त्यांनी केळं खाली ठेवलं. त्या दिवशीची चित्रं कॉम्प्युटरवर उघडली. गाठीची चित्रं होती, काखेचं एकही सेव्ह केलेलं नव्हतं. त्यावरून काही ठरत नाही, म्हणाले, कधी राहून जातं. पेशंट आठवत नाही, म्हणाले, दिवसभर तेच चालतं, कशी आठवणार.

"अभी पेशंट को बुला के क्या बोलूँ? हमको सुनाई नहीं दिया?"

मी सॉरी म्हणून बाहेर आले. सॉरी का म्हटलं कोण जाणे. पाणी प्यायला गेले तर तिथे पाणी इल्ला.

१२ नोव्हें., बुध.

आज जे कळलं ते लिहून ठेवते.

दुपारी काम कमी होतं. अक्का म्हणाली, आण ती फाइल, स्वल्प हळू करून लाव. वेग अर्धा केला, एका हेडफोनला दोघींचे कान लावले. "लिम्फ नोड्स", मग खुर्ची, आता ती लांबलचक, दार उघडल्यासारखी. खुर्चीच्या खाली डॉक्टरांचा हलका आवाज, आधी कधी लक्षातच आला नव्हता. मग ते "इल्ला". आणि इल्लाच्या पाठोपाठ काचेच्या बांगड्यांची किणकिण.

मी अक्काकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. खुर्चीखालचं अक्काला कळलं. "नोवु इदेया म्हणतायत ते. दुखतंय का, असं." आणि उत्तर देणारा आवाज बाईचा. ती आनेकलची बाईच, तपासणीच्या टेबलावर होती. डॉक्टरांनी सांगता सांगता मध्येच तिला विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, नाही. मग ते उजव्या बाजूकडे वळले.

लिम्फ नोड्सच्या पुढे ते काहीच बोलले नाहीत. आहेत म्हणाले नाहीत, नाहीत म्हणाले नाहीत. आठवडाभर मी ज्या शब्दासाठी जिवाचे कान केले, तो डॉक्टरांचा नव्हताच. बाईने सांगितलं दुखत नाही, आणि आम्ही ते तिच्या काखेत नेऊन ठेवलं.

अक्का रडायला लागली. मला रडूही आलं नाही, इतकी भीती वाटली. आतापर्यंत निदान दोनातलं एक बरोबर होतं.

१३ नोव्हें., गुरु.

दोघी मिळून गेलो. अक्काने जाताना देवाच्या फोटोला हात लावला, मीही लावला. यावेळी मोबाइल नाही, हेडफोन घेऊन गेलो. अक्का म्हणाली, "सार, ओंदु सल, एकदा कानाला लावून ऐका."

त्यांनी ऐकलं. परत ऐकलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ वायरशी खेळत राहिले. मला वाटलं आता ओरडणार. ओरडले नाहीत, त्याने अजून घाबरले.

"बुलाओ उसको," म्हणाले. "आज ही फोन करो. पैसे मत लेना."

रिसेप्शनवरून अक्काने त्या बाईला फोन लावला, मी शेजारी उभी. ती गारमेंट फॅक्टरीत आहे, मागे मशिनांचा घरघराट. अक्काने विचारलं, रिपोर्ट कुठल्या डॉक्टरला दाखवला? कुणालाच नाही. कपाटात ठेवलाय. का ग? त्यावर ती जे म्हणाली ते मला भाषांतराशिवाय कळलं. "भय आगुत्ते, अक्का."

भय. आपलाच शब्द.

रजा मिळत नाही, म्हणाली. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी, शनिवारी येईन. का बोलावताय हे विचारलंच नाही तिनं. अक्का सांगणार होती, तेवढ्यात सुपरवायझर आला असावा, फोन बंद.

१५ नोव्हें., शनि.

आली नाही.

सकाळपासून टोकनच्या प्रत्येक नावाला कान. आनेकलहून बस, मग मार्केटला बदलून दुसरी, उशीर होत असेल, असं अक्का दर तासाला म्हणत होती. दुपारी फोन लावला, बंद. संध्याकाळी लावला, बंद.

डॉ. घाई निघताना आमच्या दारात येऊन उभे राहिले. "आयी?" मी मान हलवली. बॅग खांद्यावर घेऊन थोडा वेळ तसेच उभे होते, मग गेले. आज त्यांना सगळे जण लवकर निघा म्हणत होते, मुलीचा वाढदिवस होता.

निखिलला म्हटलं, आपण आनेकलला जाऊ. पत्ता आहे का? फॉर्मवर आहे, पण तो असा वापरायचा नाही, नोकरी जाईल. "मग?" मग काय. आमच्या फोनने तिला अजून घाबरवलं, आणि आता ती तो कागद कपाटातून कधीच काढणार नाही, असं सारखं मनात येतं. आधी निदान कधीतरी दाखवला असता कुणाला.

१७ नोव्हें., सोम.

हे ऑफिसातच लिहितेय, पर्समधून डायरी काढून.

आली. न कळवता आली, सकाळी दार उघडायच्या आधीच बाकावर बसलेली. शनिवारी ओव्हरटाइम लावला म्हणे, फोनचं चार्जिंग गेलं. केसांत अबोली, हातात हिरव्या बांगड्या, मी मनात काढली होती त्यापेक्षा कितीतरी तरुण. मला पाहून उठून उभी राहिली, मला डॉक्टर समजली. मी कन्नडमध्ये काहीतरी बोलले, ते बहुधा चूक होतं, कारण ती हसली. तेवढं हसणं बघून मी पाणी प्यायचं निमित्त करून आत आले.

डॉक्टरांनी पहिला नंबर तिचाच घेतला. आत बराच वेळ होती. आता परत बाकावर बसलीय. आज रिपोर्ट घेऊनच जाईन म्हणते, परत रजा मिळायची नाही.

फाइल आली. अक्का म्हणाली, "तूच घे. माझं मन घेत नाही."

लावली. डॉक्टर सावकाश बोलतायत. एकेक शब्द सुटा, स्वच्छ. खुर्ची नाही, कॉफी नाही. सॉफ्टवेअरची आतापर्यंत एकही चूक नाही. ह्यांना हळू बोलायची बुद्धी दे, म्हणून आम्ही दोघींनी किती वेळा कपाळाला हात लावला असेल, आणि आज ते हळू बोलतायत तर माझ्याच्याने ऐकवत नाही. परत घोळ नको म्हणून हळू बोलतायत? का...

"लेफ्ट ॲक्झिला," म्हणाले. लख्ख. मग थांबले. पेपर सरकला. मागून तिचा आवाज, "एनु सार?" काय झालं, असं. डॉक्टरांनी तिला उत्तर दिलं नाही. माइकमध्येही नाही. नुसता मशीनच्या पंख्याचा आवाज.

इथे मी पेडलवरून पाय काढला. स्क्रीनवर खाली सॉफ्टवेअरने टाइप केलेल्या अजून ओळी आहेत. वर सरकवल्या नाहीत.

दाराच्या काचेतून ती दिसतेय. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, बघतेय आमच्याच दाराकडे. अक्का विचारतेय, झालं का ग? म्हटलं, ऐकतेय.