न्हायल्या दिवसाचा लाल गोल

मंगळवार, संध्याकाळी सहा

न्हायल्या दिवशी कॅलेंडरवर मी लाल गोल करते. आज तो बघवत नाहीये.

सदर भागातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "दिवस मोजता कुठून?" मी म्हटलं, "न्हायल्या दिवसापासून." आईनं तेच शिकवलं होतं. चार दिवस बाजूला, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मग नवा महिना. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रक्त दिसलं तोच पहिला दिवस. तुमची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते, म्हणजे बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटतं आणि जेमतेम एक दिवस टिकतं. खरी संधी त्या दिवशी आणि त्याआधीच्या चार-पाच दिवसांत."

म्हणजे चौदावा दिवस न्हायल्यापासून मोजून दोन वर्षं आम्ही दर महिन्याला चार दिवस उशिरा! आणि मी सातवीला गणित शिकवते.

वर त्या खऱ्या संधीच्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार येणारं पाणी जायचं, तेव्हा आजार समजून मी ह्यांना दूर ठेवायचे. तीच खूण होती म्हणे. कुणी सांगितलं कसं नाही? पण मी तरी कुणाला विचारलं?

घरी आल्यावर लाल गोलाच्या मागे चार घरं जाऊन पुन्हा मोजलं. आज अकरावा दिवस. सकाळपासून ते पाणीही आहे. तरी दिवस राहतीलच असं नाही, हेही बाईंनी सांगितलंय.

ह्यांना कामावर, कळमन्याच्या बाजारात फोन लावला. "आज लवकर या."

"काहून वं? तुझा चौदावा पुढच्या मंगळवारी, त्याची सुट्टी काढून ठेवली नं मी."

"ती राहू द्या. आज या."