दादाला वाटा नाही, त्याची सही हवी

मी, प्रशिक रुपराव गोंडाणे, वय सत्तावीस, शिक्षण बारावी, तीही इंग्रजीत नापास, राहणार वाडी, घरमालकीण सिंधूताईंच्या मागच्या खोलीत, असे लिहून ठेवतो की माझे मन ठिकाणावर आहे, आठवण शाबूत आहे आणि हे मी कोणाच्या दबावात किंवा नशेत लिहीत नाही. रोज चार-पाच ओळी होतात. त्याच्या वर गेलो की दुसऱ्या दिवशी पेन उचलवत नाही. म्हणून अक्षर मध्येमध्ये बदललेले दिसेल. माणूस एकच आहे.

मी लवकर मरणार असे कोणी सांगितलेले नाही. पण मागच्या दिवाळीनंतर चार दिवस मला बोलता येत नव्हते आणि त्या चार दिवसांत माझ्याबद्दल सगळे दुसऱ्यांनीच ठरवले. तसे पुन्हा झाले तर हा कागद दाखवावा.

१. ताडपत्री, दोर, पाने-पक्कड, स्टोव्ह आणि पाठीवरची बॅग भैय्याजी ड्रायव्हरला. त्यांच्या ट्रकवर मी तीन वर्षे क्लीनर होतो, पार गुवाहाटीपर्यंत. सिलिगुडीच्या पुढे एकदा रस्त्यात हत्ती उभे होते, आम्ही इंजिन बंद करून दोन तास बसलो. भैय्याजी म्हणे, "हॉर्न नको मारू गा, साइड त्यायचीच हाये." हे इथे लिहायचे नव्हते. आजच्या ओळी यातच गेल्या.

२. प्लास्टिकची खुर्ची आईला, म्हणजे जयवंताबाईंना. मी त्या खुर्चीवर बसून आंघोळ करतो, उभ्याने होत नाही. आईने ती धुवून अंगणात ठेवावी आणि स्वतः बसावे. आई कधी बसत नाही.

३. आजार कोणाला वाटून देता येत नाही, पण तो लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. २०२१ मध्ये ताप आला. ताप गेला, मी मात्र पहिल्यासारखा उठलो नाही. झोपून उठलो की झोपण्याआधीपेक्षा जास्त थकलेला असतो. एमई-सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा आजार, हे नाव मीच मोबाइलवर शोधले, तिसऱ्या डॉक्टरने त्यावर मान डोलावली. रक्त, एक्स-रे, सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्याआधी धरमपेठेतले एक डॉक्टर म्हणाले होते, "काही नाही, मनाचं आहे. रोज पळा." माझा मोठा भाऊ रविंद्र कळमेश्वरला कंपनीत आहे. तो सुट्टी टाकून आला आणि आठ दिवस मला ग्राउंडवर पळवले. "चाल गा, कामाचा कंटाळा हाये तुले, दुसरं काही नाही." नवव्या दिवशी पडलो तो पाच महिने. पळायच्या आधी मी स्वतः जाऊन भाजी आणत होतो. तेवढेही परत आले नाही.

४. सात वह्या. दिवसभरात काय केले आणि त्यापायी किती दिवस पडून राहिलो, एवढेच त्यांत आहे. "केस कापले. दोन दिवस." "आईशी अर्धा तास हसलो. एक दिवस, चालेल." या रद्दीत देऊ नयेत. या आजारावर शोध करणारा जो डॉक्टर भेटेल त्याला द्याव्यात. मला अजून भेटला नाही. तोवर सिंधूताईंच्या लोखंडी पेटीत ठेवाव्यात, उंदीर फार आहेत.

५. देह मेडिकल कॉलेजला द्यावा. फॉर्म भरला आहे, घरच्याची संमती तेवढी बाकी आहे. तिथे या आजारावर संशोधन होईलच असे नाही, पोरे शिकतील एवढे खरे. त्यांना आजाराचे नाव सांगावे, म्हणजे उद्या असा कोणी समोर आला तर त्याला पळायला लावणार नाहीत. आणि कोणाला शोधायचेच असेल तर स्नायू आहेत, मेंदू आहे. शक्ती जाते कुठे, ते बघावे.

६. दादाला काही ठेवलेले नाही. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याने सांगितले की ज्याला वाटा त्याची साक्ष घेऊ नये. मला दादाची साक्ष हवी. काल त्याला वरचे सगळे वाचायला दिले. शेवटी म्हणाला,

"काहून गा, मले एक पाना बी नाही?"

"पाना घेतला तं सही चालत नाही."

"सही काय, कोणी बी करते."

"साक्षीदार लिहून देते, याचं मन ठिकाणावर हाये. डॉक्टरनं मनाचं सांगतलं, तू हो म्हटलं. मन बिघडलं असन तं हा कागद रद्दी, वह्या बी रद्दी. काय ते एक लिही, दादा."

तो कागद घेऊन बाहेर माझ्या खुर्चीवर जाऊन बसला. आईने जेवायला दोनदा बोलावले. आला नाही.

मला जे सांगायचे होते ते एवढेच. यापुढे पेन उचलत नाही.

ठिकाण: वाडी, नागपूर
लिहायला घेतले ३ फेब्रुवारी, संपले २६ फेब्रुवारी २०२६. मधले अकरा दिवस पडून.

सही: प्रशिक रुपराव गोंडाणे

साक्षीदार पहिला: सिंधूताई ठवकर, घरमालकीण. माझ्यासमोर सही केली. वह्या मोजून पेटीत ठेवल्या, सात.

साक्षीदार दुसरा: रविंद्र रुपराव गोंडाणे, भाऊ. माझ्यासमोर सही केली. कॉलेजच्या फॉर्मवर बी मी सही केली. याचं मन ठिकाणावर हाये. तेव्हा बी होतं. पळवलं मीच.